हातावरचं गोंदण अन् हातची गेलेली भरती : जत्रेत टॅटू काढण्याआधी पोरांनी हा नियम वाचाच

अहिल्यानगर | प्रतिनिधी

पहाटे पाचला शेतात पाणी धरायला निघालं की आपल्या जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावच्या डांबरीवर पोरं पळताना दिसतात. पाथर्डी असो, पारनेर असो, श्रीगोंदा असो नाहीतर नेवासा. एकाच्या हातात मोबाईलवर घड्याळ लावलेलं, बाकीचे चार-पाच जण मागं पुढं. १६०० मीटर किती मिनिटांत निघाले, एवढीच चर्चा. पण अंगातली बनियन बघा. दंडावर वाघ, मानेवर ‘राजे’, छातीवर त्रिशूळ, मनगटाच्या वरच्या बाजूला इंग्रजीत कुणाचं तरी नाव. ही पोरं ज्या भरतीसाठी पळतायत, त्या भरतीत यातल्या बऱ्याच जणांना फक्त या टॅटूमुळं घरी पाठवलं जाऊ शकतं. अन् हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराचं तेच झालं. नाव लिहीत नाही, पोराची लाज काढायची नाही. लेखी पास झाला, ग्राउंड मारलं, उंची-छाती बसली. शेवटी अंगावरचा शर्ट उतरवायला सांगितला आणि हात फिरवून बघितला. कोपराच्या खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला ‘आई’ असं गोंदलेलं, वर छोटा मुकुट. बाद. पोरगं म्हणालं, साहेब, आईचंच नाव आहे, वाईट काही नाही. साहेब म्हणाले, नाव कुणाचं ते आम्ही बघत नाही, जागा बघतो. वर्षभर एका खासगी अ‍ॅकॅडमीत राहिला होता. कांद्याचे आलेले पैसे बापानं फीला घातले होते. त्या अ‍ॅकॅडमीत रोज सकाळी बनियनवर पळवायचे, पण तुझ्या हातावर हे काय आहे, असं एकानंही विचारलं नाही.

म्हणून आज हा विषय घेतला. नियम नेमका काय, तो कुठं चुकीचा वाटतो, कोर्टानं काय म्हटलंय, बाहेरच्या देशात काय चाललंय आणि आपण गावात काय करू शकतो, हे एकेक करून बघू.

सैन्याचा नियम : नक्षीपेक्षा जागा महत्त्वाची

भारतीय सैन्याच्या अग्निवीर भरतीच्या जाहिरातीत टॅटूचा वेगळा परिच्छेद असतो. सोप्या भाषेत तो असा. कायमचा टॅटू फक्त दोन जागी चालतो. एक, कोपराच्या आतल्या खळगीपासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू. म्हणजे डॉक्टर नाडी बघतो ती बाजू. दोन, पंजाची पाठ, म्हणजे तळहाताच्या उलटी बाजू. याशिवाय दंड, खांदा, मान, छाती, पाठ, पोटरी, कानामागं, कुठंही कायमचा टॅटू असला तर उमेदवाराला पुढच्या निवडीतून बाहेर काढतात. आमच्या शेजारच्या पोराचा टॅटू चार बोटं फिरवून आतल्या बाजूला असता तर तो अडला नसता.

नौदलाचा नियम जवळपास हाच आहे. वायुदलाचं थोडं कडक आहे. त्यांच्या जाहिरातीत सुरुवातच ‘कायमचा टॅटू चालत नाही’ अशी असते. मग हाताची आतली बाजू आणि पंजाची पाठ यांचा विचार होऊ शकतो असं म्हटलेलं असतं. पण शेवटचा शब्द निवड केंद्राचा. शिवाय टॅटू असेल तर त्याचे पोस्टकार्ड आकाराचे दोन फोटो, एक जवळून एक लांबून, आणि त्याचा आकार-प्रकार लिहून द्यावा लागतो.

सैन्याच्या भरतीला जाताना टॅटूबद्दल स्वतःचं लेखी प्रमाणपत्रही द्यावं लागतं. बरीच पोरं कॅफेवाल्याकडून कागदांचा गठ्ठा भरून घेतात आणि सही ठोकतात. त्यात आपण काय कबूल करतोय हे वाचत नाहीत. टॅटू लपवून खोटं लिहून देणं हा टॅटूपेक्षा मोठा गुन्हा ठरतो, हे ध्यानात ठेवा.

बीएसएफ, सीआरपीएफचं गणित वेगळं

आता खरी गडबड इथं होते. आपली पोरं एकच भरती देत नाहीत. अग्निवीरचा फॉर्म भरतात, तसा स्टाफ सिलेक्शनचा ‘जीडी कॉन्स्टेबल’चाही भरतात. त्यात बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, आसाम रायफल्स अशी दलं येतात. यांचा टॅटूचा नियम वेगळा आहे. त्यात तीन गोष्टी बघतात.

पहिली, मजकूर. धार्मिक चिन्ह, देवाचं चित्र किंवा नाव असेल तर चालतं, सैन्यात चालतं तसंच.

दुसरी, जागा. हाताची आतली बाजू चालते, पण फक्त डाव्या हाताची. कारण नियमातच दिलंय. उजव्या हातानं सलाम ठोकतात, म्हणून सलामीचा नसलेला हात. याशिवाय पंजाची पाठ.

तिसरी, आकार. शरीराच्या त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा टॅटू लहान पाहिजे.

आता बघा. एखाद्या पोरानं उजव्या हाताच्या आतल्या बाजूला ‘ॐ’ काढला. सैन्याच्या नियमात तो बसतो. तोच पोरगा सीआरपीएफला गेला तर बसत नाही. दुसऱ्यानं डाव्या हाताच्या आतून कोपरापासून मनगटापर्यंत मोठा महादेव काढला. जागा बरोबर, देव बरोबर, पण आकार मोठा. सीमा सुरक्षा दलात अडकणार. एकाच पोराला एकाच वर्षात दोन नियम. याचं कारण सैन्य संरक्षण मंत्रालयाखाली येतं आणि ही निमलष्करी दलं गृह मंत्रालयाखाली. दोघांचे कागद वेगळे निघतात. दिल्लीत दोन मंत्रालयं आहेत, पण गावात पळणारं पोरगं एकच आहे, हे कागद काढणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक. २०२४ पासून जीडी कॉन्स्टेबलची परीक्षा मराठीतही देता येते. चांगली गोष्ट झाली. पण जाहिरात, ज्यात हा टॅटूचा नियम असतो, ती इंग्रजी आणि हिंदीतच निघते. कितीतरी पानांच्या त्या पीडीएफमध्ये टॅटूचा परिच्छेद कुठंतरी मध्येच असतो. पोरं वयोमर्यादा, फी आणि शेवटची तारीख बघतात आणि पीडीएफ बंद करतात. प्रश्न मराठीत विचारता, मग बाद करायचे नियमही मराठीत सांगा, एवढी मागणी तर रास्त आहे.

अकोल्याच्या पोरांसाठी वेगळी सवलत

सैन्याच्या नियमात आदिवासी समाजासाठी सवलत आहे. सरकारनं जाहीर केलेल्या आदिवासी जमाती आणि भागातल्या उमेदवाराला त्याच्या जमातीच्या रूढी-परंपरेप्रमाणं असलेलं गोंदण अंगावर, अगदी चेहऱ्यावर असलं तरी चालतं. आपल्या जिल्ह्यात याचा थेट संबंध अकोले तालुक्याशी येतो. तिथं महादेव कोळी, ठाकर समाज मोठा आहे. ठाकर बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं जुन्या बाया सांगतात. आता मुलींनाही अग्निवीरमध्ये लष्करी पोलिसांत भरती होता येतं. त्यामुळं हा प्रश्न फक्त पोरांचा राहिलेला नाही.

पण या सवलतीचा अर्थ नीट समजून घ्या. जातीचा दाखला आदिवासीचा आहे म्हणून काहीही गोंदलेलं चालेल, असं नाही. सवलत परंपरेच्या गोंदणाला आहे. राजूरच्या बाजारात मशिनवर काढलेला सिंहाचा जबडा किंवा इंग्रजीतलं ‘किंग’ ही कुठल्याही जमातीची रूढी नाही. ते दंडावर असेल तर आदिवासी पोरालाही बाहेरच्यासारखाच नियम लागणार. परंपरेचं कोणतं आणि हौसेचं कोणतं, हे ठरवायचं काम समोर बसलेल्या अधिकाऱ्याचं. तो पंजाबचा असेल नाहीतर केरळचा. त्याला ठाकरांचं गोंदण कसं असतं हे माहीत असेलच असं नाही. म्हणून अकोल्यातल्या उमेदवारांनी जातीच्या दाखल्याबरोबर असं गोंदण आपल्या समाजात रूढ आहे असं एखादं पत्र, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोंदणाचे फोटो सोबत ठेवले तर समजावून सांगायला सोपं जाईल. याची सक्ती कुठं नाही, पण कागद जवळ असलेला बरा.

कोर्टात गेलेली पोरं

टॅटूमुळं बाद झालेली पोरं कोर्टात गेलीत, आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागलेत.

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका तरुणाचं प्रकरण २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजलं. त्यानं सीआयएसएफमध्ये कॉन्स्टेबल-ड्रायव्हरसाठी अर्ज केला होता. उजव्या हातावर धार्मिक चिन्हाचा टॅटू, म्हणून मेडिकलमध्ये अपात्र. त्यानं तो बराचसा काढूनही घेतला होता. सैन्य धार्मिक चिन्हाला सूट देतं, मग इथं का नाही, आणि या टॅटूनं गाडी चालवायला काय अडतं, असा मुद्दा होता. कोर्टानं त्याच्या उमेदवारीचा विचार करा असं दलाला सांगितलं.

दिल्ली उच्च न्यायालयात २०२२ मध्ये एक प्रकरण आलं. उमेदवाराच्या उजव्या पंजाच्या पाठीवर धार्मिक टॅटू होता. आता वरचा नियम आठवा. पंजाची पाठ चालते असं लिहिलंय. डाव्या हाताची अट आतल्या बाजूला लावलीय, पंजाच्या पाठीला लावलीय की नाही, हे वाचून कळत नाही. तरी त्याला बाद केलं होतं, कारण सलामीचा हात. तो म्हणाला, मी लेसरनं काढून घेतो. कोर्टानं त्याला टॅटू काढून पुन्हा मेडिकल बोर्डापुढं जाण्याची मुभा दिली.

२०२४ मध्येही दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका उमेदवाराच्या बाजूनं निकाल लागला. त्यानं टॅटू काढून घेतला होता, हातावर नुसता पुसट डाग राहिला होता.

पण हे वाचून हुरळून जाऊ नका. २०१८ मध्ये वायुदलाच्या एका उमेदवाराचं प्रकरण याच दिल्ली उच्च न्यायालयात होतं. हाताच्या बाहेरच्या बाजूला टॅटू. निवड झालेली, पण नेमणूक रद्द केली होती. कोर्टानं वायुदलाचा निर्णय कायम ठेवला. जाहिरातीत नियम स्पष्ट दिला होता, तुम्ही त्यात बसत नाही, विषय संपला.

या चारही प्रकरणांतून एक गोष्ट दिसते. जिथं टॅटू काढून टाकलेला आहे किंवा काढायची तयारी आहे, तिथं कोर्ट उमेदवाराला एक संधी द्यायला तयार होतं. जिथं टॅटू चुकीच्या जागी तसाच आहे, तिथं कोर्ट नियमात हात घालत नाही. आणि कोर्ट म्हणजे मुंबई-दिल्लीच्या फेऱ्या, वकिलाची फी. अग्निवीरला वयाची मुदत थोडीच असते. त्यातलं दीड-दोन वर्ष तारखांत गेलं तर जिंकूनही हातात काय उरणार?

दाढी-मिशीचा प्रश्नही यातलाच

वर्दीतल्या माणसानं कसं दिसावं, हा वाद टॅटूवरच थांबत नाही. आपल्याच महाराष्ट्रात जालन्याच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका मुस्लिम जवानाचं दाढीचं प्रकरण वर्षानुवर्षं चाललंय. आधी त्याला दाढी ठेवायला परवानगी मिळाली, नंतर काढून घेतली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तडजोड सुचवली की धार्मिक काळापुरती दाढी ठेव आणि कामावर रुजू हो. त्यानं ती घेतली नाही. वायुदलातल्या मुस्लिम कर्मचाऱ्यांच्या दाढीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला आणि वायुदलाची बाजू मान्य केली. शिस्त आणि एकसारखेपणा हा दलाचा पाया आहे, हे त्यामागचं कारण. शिखांना केस-दाढीची मुभा आहे, कारण त्यांच्या धर्मात केस कापायलाच मनाई आहे.

कुणी म्हणेल, ही तर मूलभूत हक्कांची गळचेपी. पण राज्यघटनेच्या कलम ३३ नुसार सैन्य आणि पोलीस दलातल्या लोकांच्या मूलभूत हक्कांवर संसदेला मर्यादा घालता येते. वर्दी चढवली की साध्या नागरिकाएवढी मोकळीक राहत नाही. ज्याला ते मान्य नाही त्यानं आधीच विचार करावा. पण मर्यादा घालायची तर ती सगळ्यांना आधी, स्पष्ट आणि सारखी सांगितलेली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे.

अमेरिकेतही हेच चाललंय

हा वाद फक्त आपल्याकडं आहे असं समजू नका. अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ हे स्वतः तिथल्या नॅशनल गार्डमध्ये मेजर होते. त्यांच्या छातीवर जेरुसलेमचा क्रॉस आणि दंडावर ‘देउस वुल्ट’, म्हणजे ‘देवाची इच्छा’, असं लॅटिनमध्ये गोंदलेलं आहे. जुन्या धर्मयुद्धातली ती घोषणा. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांच्या शपथविधीच्या बंदोबस्तातून आपल्याला या टॅटूमुळं काढलं, असं ते सांगतात. त्यांच्याच दलातल्या एकानं हा टॅटू कट्टर विचारांचा वाटतो म्हणून वरिष्ठांना कळवलं होतं. तेच हेगसेथ २०२५ मध्ये संरक्षणमंत्री झाले. आणि ३० सप्टेंबर २०२५ ला जगभरातल्या तळांवरच्या आपल्या जनरलना एका ठिकाणी बोलावून त्यांनी काय सांगितलं, तर दाढ्या आता बंद, लांब केस बंद, नीटनेटकं दिसायचं. स्वतःच्या टॅटूवर बोट ठेवलं तर अन्याय, दुसऱ्याच्या दाढीवर ठेवलं तर शिस्त. माणसाचा स्वभाव सगळीकडं सारखाच म्हणायचा.

पण अमेरिकेच्या सैन्यानं २०२२ मध्ये टॅटूचे नियम बरेच सैल केले, हेही ध्यानात घ्या. प्रत्येक पंजावर एक छोटा, मानेच्या मागं एक छोटा चालेल असं केलं. अश्लील, जातीद्वेषी, अतिरेकी विचारांचे टॅटू मात्र बंदच. त्याच वर्षी त्यांना ६० हजार भरायचे होते आणि १५ हजार कमी पडले. ब्रिटनच्या सैन्यानंही मार्च २०२४ मध्ये दाढी ठेवायला परवानगी दिली. जिथं माणूस मिळत नाही तिथं नियम ढिले होतात.

आपल्याकडं उलटं आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून साधारण ४६ हजार जागा होत्या. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात भरती झाली, तेव्हा नगर, पुणे, बीड, लातूर, उस्मानाबाद, सोलापूरची पोरं रात्री रस्त्याच्या कडेला झोपलेली आपण डोळ्यांनी बघितली. एका जागेमागं एवढी पोरं उभी असतील तर दलाला नियम ढिला करायची गरजच काय? उलट गर्दी कमी करायला टॅटू ही सोपी चाळणी होते. पळण्यात दोन सेकंद इकडं-तिकडं होऊ शकतात, हातावरची शाई कुठं जात नाही. त्यामुळं आज ना उद्या नियम बदलेल या आशेवर कुणी राहू नये.

लेसर हा उपाय आहे का?

आहे, पण जत्रेत टॅटू काढण्याएवढा सोपा नाही. लेसरनं टॅटू एका दिवसात जात नाही. मधे दीड-दोन महिन्यांचं अंतर ठेवून अनेक वेळा बसावं लागतं. दर वेळचे पैसे वेगळे. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-पिवळी चिवट असते. पूर्ण गेला तरी काही वेळा कातडीवर पांढरा डाग किंवा व्रण राहतो. भरतीची तारीख लागल्यावर लेसरला पळून उपयोग नाही, वर्षभर आधी सुरुवात पाहिजे. आणि काढल्यावर घेतीलच अशी हमी कुणी देत नाही. व्रण बघून काय करायचं हे मेडिकलवाले ठरवणार.

काही पोरं चुना, अ‍ॅसिड, गरम उलथनं, दगडानं घासणं असले अघोरी प्रकार करतात. कृपा करून करू नका. टॅटूही जात नाही आणि भाजल्याचा मोठा व्रण राहतो. मग एकाऐवजी दोन कारणं तयार होतात.

दुसरा धोका सुईचा. जत्रेतल्या मशिनची सुई माणसागणिक बदलली नाही, शाईची वाटी एकच ठेवली, तर कावीळ ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्ही यांची लागण एकाची दुसऱ्याला होऊ शकते. ज्याला भरतीला जायचंच नाही, त्यानंही हे लक्षात घ्यावं.

गावात काय करता येईल?

दोष कुणाला द्यायचा? पोराला द्यावा तर टॅटू काढला तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. आई-बापाला द्यावा तर त्यांच्या पिढीत गोंदण म्हणजे पुण्य होतं. माझ्या आईच्या हातावर तुळस आहे, बापाच्या मनगटावर मारुती आहे. त्यांना त्यात वावगं काय दिसणार? सरकारनं नियम लपवलेला नाही, जाहिरातीत छापलाय. पण छापलेलं आणि पोचलेलं यात फरक असतो. म्हणून मधल्या माणसांनी काम केलं पाहिजे.

पहिलं काम अ‍ॅकॅडमीवाल्यांचं. आपल्या जिल्ह्यात भरती अ‍ॅकॅडम्या गल्लोगल्ली झाल्यात. पोरगं दाखल करून घेताना उंची मोजता, तसा अंगावरचा टॅटू बघा आणि फी घेण्याआधी स्पष्ट सांगा की बाबा, तू या या भरतीत बसत नाहीस. पालकांनीही फी भरण्याआधी हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. टॅटूमुळं बसत नाही हे माहीत असूनही वर्षभराची फी घेणं ही सरळ फसवणूक आहे.

दुसरं काम शाळेचं. बारावीला सांगून उपयोग नाही, तोवर हात रंगलेला असतो. आठवी-नववीतच सांगायला पाहिजे. गावातला सुट्टीवर आलेला जवान किंवा माजी सैनिक एक तास शाळेत बोलला तरी पुरे. आपल्या जिल्ह्यात माजी सैनिकांना काही तोटा नाही. नगर शहरात तर रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर आहे आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे, के. के. रेंजच्या तोफांचा आवाज आपल्या पोरांनी पाळण्यात ऐकलाय. सैन्य एवढं जवळ असून त्याचा साधा नियम आपल्याला माहीत नाही, हे बरं नाही.

तिसरं काम ग्रामपंचायतीचं आणि यात्रा कमिटीचं. होळीपासून मढीची यात्रा सुरू होते, त्यामागोमाग गावोगावच्या जत्रा. टॅटूवाल्यांचे स्टॉल लागणारच. त्यांचंही पोट आहे, त्यांना हाकला असं मी म्हणत नाही. पण जागा देताना दोन अटी घाला. अठरा वर्षांखालच्या पोराला पालक सोबत असल्याशिवाय काढायचा नाही, आणि प्रत्येकाला नवी सुई. सोबत स्टॉलवर एक पाटी लावा : ‘भरतीला जाणाऱ्यांनी आधी नियम वाचा.’ दोनशे रुपयांची पाटी एखाद्या पोराची नोकरी वाचवेल.

चौथं, खासदार-आमदारांनी मांडायची गोष्ट. सैन्य आणि निमलष्करी दलांचा टॅटूचा नियम एक करा. मराठीत छापा, चित्र काढून दाखवा. हाताचं चित्र, हिरवी जागा चालते, लाल जागा चालत नाही. आणि ज्यानं टॅटू काढून टाकलाय त्याला फेरतपासणीत एक संधी मिळेल, असं नियमातच लिहा. म्हणजे गरीब पोराला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.

आणि पोरांनो, शेवटचं तुम्हाला. महाराजांवर प्रेम आहे, आईवर आहे, खंडोबावर आहे, ते असावंच. पण भरती व्हायची असेल तर निवड होईपर्यंत हात कोरा ठेवा. टॅटू आधीच काढलेला असेल तर आजच आरशासमोर उभं राहून कुठं आहे ते बघा, ज्या दलाचा फॉर्म भरताय त्याच्या जाहिरातीतला टॅटूचा परिच्छेद वाचा, इंग्रजी कळत नसेल तर सरांकडून समजून घ्या. बसत नसेल तर आत्ताच डॉक्टरला दाखवा, ज्या दलात बसतो तिथं जोर लावा.

ते शेजारच्या गावातलं पोरगं सध्या दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. परवा भेटलं तर म्हणालं, दादा, माझं राहू द्या, पण माझा धाकटा भाऊ नववीत आहे, त्याच्या शाळेत येऊन हे सांगाल का? येतो म्हणालो. तुमच्याही गावच्या शाळेत कुणीतरी जा आणि सांगा. मढीची यात्रा लांब नाही.